तुमच्याही पोटाला शिफ्ट लागली आहे

वाचकाचं पत्र, थोडक्यात : मी ४१ वर्षांची, सिडकोत राहते. घरी पती, सासूबाई आणि शाळेत जाणारी दोन मुलं. पती सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला आहेत, दर आठवड्याला त्यांची शिफ्ट बदलते. गेली तीन वर्षं माझं पोट साफ होत नाही. दोन-दोन, कधी तीन दिवस तसेच जातात. पोट फुगतं, रात्री घशाशी आंबट येतं. आधी वांगं सोडलं, मग हरभरा डाळ, मटकी, दही, आणि आता भाकरीही. वरण-भात आणि पोळीवर आले तरी फरक नाही. रोज रात्री चूर्ण घेतल्याशिवाय सकाळी काही होत नाही. नात्यातल्या एकीने पोटातल्या जंतूंची तपासणी करायला सांगितली आहे, काही हजारांचा खर्च आहे, वर प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयोगी जंतूंच्या, महागड्या कॅप्सूल. सासूबाई म्हणतात, हिची प्रकृतीच पित्ताची. शिफ्ट करणाऱ्या माणसाला रविवारची मिसळ पचते आणि मी घरात बसून असते तरी माझंच पोट का बिघडतं? तपासणी करू का? अजून काय खायचं सोडू?

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा, सवयीने, तुम्ही काय खाता तेच शोधत होते. दुसऱ्यांदा वही घेतली आणि पत्रात ओघात आलेल्या वेळा तेवढ्या उतरवून काढल्या. त्या तुमच्यासमोर ठेवते.

फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात डब्यासाठी सव्वाचारला उठता, दुपारी एकला जेवता, रात्री नऊला. सेकंडच्या आठवड्यात कंपनीची बस त्यांना रात्री सव्वाबाराला सोडते. तुम्ही भाजी गरम करता, पोळ्या लाटता आणि साडेबाराला त्यांच्याबरोबर जेवता. सव्वा वाजता आडव्या होता, आणि मुलांची व्हॅन ६:३५ ला येते म्हणून सव्वापाचला पुन्हा उठता. भूक लागते म्हणून जेवणाआधी रात्री नऊला चहा-खारी आणि साडेदहाला मूठभर चिवडा. थर्डच्या आठवड्यात रात्री साडेआठला सगळे एकत्र जेवता, पण ते सकाळी येऊन झोपतात आणि तीनला उठतात, म्हणून दुपारचं जेवण सव्वातीनला.

आता एवढंच बघा : रात्रीचं जेवण एका आठवड्यात साडेआठला, एका आठवड्यात नऊला आणि एका आठवड्यात साडेबाराला. चार तासांचा फरक. नाशिक आणि लंडन यांच्या घड्याळात उन्हाळ्यात साडेचार तासांचं अंतर असतं. तुमचं पोट दर तीन आठवड्यांनी जवळजवळ तेवढा प्रवास करून येतं. ‘मी घरात बसून असते’ हे वाक्य मी वहीत लिहिलं आणि खोडलं. यांची शिफ्ट एक असते तेव्हा मुलांची दुसरी असते, आणि तुम्ही दोन्ही करता.

शरीराला वेळ कळते, हे माणसाला लाजाळूच्या झाडामुळे फार पूर्वी लक्षात आलं. १७२९ मध्ये द मेराँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचं रोप पूर्ण अंधारात ठेवलं. ऊन नसतानाही पानं दिवसा उघडत होती आणि रात्री मिटत होती. म्हणजे घड्याळ झाडाच्या आतच होतं. आपल्या पेशींमधलं हे घड्याळ नेमकं कसं चालतं ते फळमाश्यांवर काम करून उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. मेंदूत डोळ्यांच्या मागच्या बाजूला सुमारे २० हजार पेशींचा एक ठिपका आहे, तो मुख्य घड्याळ. तो उजेडावर चालतो. पण यकृताला, जठराला, आतड्याला आपापलं घड्याळ असतं, आणि ही घड्याळं बऱ्याच अंशी जेवणाच्या वेळेवर लावली जातात. तुमचे डोळे सकाळी उजेड बघून सांगतात की दिवस उगवला, आणि यकृत म्हणतं, आत्ता तर जेवण झालं, आत्ता कुठला दिवस? घरातल्या दोन घड्याळांत चार तासांचा फरक असला तर घरात जो गोंधळ होईल तोच पोटात होतो.

मध्यरात्री नेमकं काय बिघडतं? तेच जेवण सकाळी आठला खाल्लं तर जठरातून जेवढ्या लवकर पुढे सरकतं, तेवढं रात्री सरकत नाही. झोपेची वेळ आल्यावर मेंदूतून मेलाटोनिन नावाचं संप्रेरक स्रवतं, आणि ते असताना इन्शुलिन कमी सुटतं, म्हणून रात्रीच्या पोळीभाताने साखर जास्त वेळ वर राहते. जठरातलं आम्ल तर उशिरा संध्याकाळपासून मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारापर्यंत सगळ्यांत जास्त बनतं. अशा वेळी भरलेलं पोट घेऊन तुम्ही पाऊण तासात आडव्या होता. घशाशी आंबट येणार नाही तर काय होणार? सासूबाई ज्याला पित्त म्हणतात ते हे आम्ल. खरं पित्त यकृतात बनतं आणि तेल-तूप पचवायच्या कामी येतं, त्याचा यात फारसा दोष नाही. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास गेले, आणि डाव्या कुशीवर झोपलात, तर कित्येकींचा हा त्रास गोळीशिवाय कमी होतो.

चहा-खारी आणि चिवड्याबद्दलही सांगते, कारण त्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. पोट रिकामं असताना साधारण दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत एक लाट सरकते. उरलेले कण, साचलेले जंतू पुढे लोटत नेते. घरातली झाडलोटच म्हणा. काहीही खाल्लं की ही लाट थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नऊ, साडेदहा, साडेबारा असं खात गेलं की झाडू हातात घ्यावा आणि कुणीतरी दार वाजवावं, असं रात्रभर चालतं. पोट फुगण्यात त्याचा हात असू शकतो.

आता जंतूंकडे येते, कारण तुमचा प्रश्न तिथूनच सुरू झाला.

आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. तिथे कायम अंधार. तरीही त्यांतल्या बऱ्याच प्रकारांची संख्या आणि कामं दिवसाच्या वेळेप्रमाणे कमी-जास्त होतात. आपण जेवलो की त्यांच्या वाट्याला कोंडा, साली, तंतू येतात, जेवणामागून पित्तरस येतो, मग उपाशी तास येतात. या भरती-ओहोटीवरून त्यांना वेळ कळते. आपल्याला न पचलेल्या तंतूंपासून ते काही आम्लं तयार करतात. त्यांतलं ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य अन्न आहे. म्हणजे तुमच्या आतड्याचा स्वयंपाक तुम्ही नव्हे, हे जंतू करतात, आणि तुम्ही पाठवलेल्या शिध्यातून, तुम्ही पाठवाल त्या वेळी करतात.

इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांचे दिवस-रात्र सारखे पुढे-मागे केले, तेव्हा त्यांच्या पोटातल्या जंतूंची लय मोडली. मग त्यांनी अमेरिकेतून इस्रायलला विमानाने आलेल्या दोन माणसांच्या विष्ठेतले जंतू, प्रवासाआधीचे, प्रवासाच्या धक्क्यातले आणि दोन आठवड्यांनंतरचे, असे निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांच्या पोटात सोडले. प्रवासाच्या धक्क्यातले जंतू मिळालेल्या उंदरांचं वजन आणि साखर जास्त वाढली. दोन आठवड्यांनंतरच्या जंतूंनी तसं केलं नाही. माणसं दोनच होती आणि बाकी सारे उंदीर, म्हणून यावरून मी तुम्हाला कसलीही हमी देणार नाही. पण त्या शेवटच्या भागाने मला फार धीर येतो. वेळ पुन्हा बसली की जंतूही बसले.

म्हणूनच तपासणीबद्दल माझं स्पष्ट मत : आत्ता करू नका. एक तर निरोगी पोटात नेमके कोणते जंतू किती असावेत याचा ठरलेला आकडाच नाही. साखरेला, हिमोग्लोबिनला असतो तसा. शेजारी राहणाऱ्या दोन धडधाकट बायकांचे अहवाल एकमेकींपासून कितीतरी वेगळे येतील. शिवाय ही मंडळी दिवसभरात बदलतात. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात दिलेला नमुना आणि फर्स्टच्या आठवड्यातला नमुना सारखाच येईल कशावरून? छापील रंगीत अहवाल हातात आला तरी डॉक्टरांना त्यावरून औषध ठरवता येत नाही. प्रोबायोटिकचंही तसंच. प्रत्येक कॅप्सूलमधला जंतू वेगळा, त्याचं काम वेगळं. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सगळे अभ्यास तपासून सांगितलं की आतड्याच्या नेहमीच्या तक्रारींसाठी, म्हणजे आयबीएससाठी, सरसकट प्रोबायोटिक देण्याइतका पुरावा नाही. ते पैसे राखून ठेवा. त्यातले थोडे एका वेगळ्या तपासणीसाठी लागणार आहेत, ते पुढे सांगते.

आधी सकाळ. माझ्या मते तुमच्या बद्धकोष्ठाचं मूळ तिथे आहे.

मोठं आतडं रात्री जवळजवळ झोपलेलं असतं. आपण जागे झालो की ते हलू लागतं, आणि सकाळचं पहिलं खाणं पोटात पडलं की मोठ्या लाटा सुटतात. दिवसभरात शौचाची सगळ्यांत सोपी वेळ हीच, उठल्यापासून पहिल्या तास-दीड तासातली. आता तुमची सकाळ बघू. सव्वापाचला गॅसवर एकीकडे चहा, एकीकडे भाजी. पावणेसहाला धाकट्याला उठवायचं, बाथरूम एकच, गीझर मोठीच्या आंघोळीसाठी सुरू. तुम्ही लिहिलंय, ‘कधी कधी जावंसं वाटतं पण पोळी तव्यावर असते.’ ताई, पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य ते आहे. आतड्याने हाक मारली आणि तुम्ही थांब म्हणालात, असं तीन वर्षं. थांबवलेला मळ मागे राहतो, त्यातलं पाणी शोषलं जातं, तो घट्ट होतो, आणि हळूहळू हाकच कमी ऐकू येते. व्हॅन गेल्यावर, सासूबाईंचा चहा झाल्यावर, दहाला तुम्ही आत जाता तेव्हा ती वेळ निघून गेलेली असते. मग चूर्ण.

म्हणून पहिला बदल इथे करा. सगळ्या शिफ्टच्या आठवड्यांत, रविवारीसुद्धा. उठल्यावर कपभर कोमट पाणी, आणि नुसत्या चहाऐवजी काहीतरी खरंखुरं खाणं : काल रात्रीची अर्धी पोळी तूप लावून, एक केळं, पेरूच्या फोडी, काहीही. रिकाम्या चहाने आतड्याला तेवढी जाग येत नाही. त्यानंतर हाक आली तर गॅस बंद करून जा. पोळी थांबेल. नाहीच आली, तर व्हॅन निघाल्यानंतरची १० मिनिटं तुमची. मोबाइल बाहेर, पायाखाली वीतभर उंचीचं स्टूल किंवा जाड पाट, गुडघे कमरेच्या वर, थोडं पुढे वाकून. भारतीय पद्धतीच्या संडासात जी बैठक आपोआप मिळते ती कमोडवर पाटाने मिळते. जोर लावायचा नाही. झालं तर झालं, नाहीतर उठायचं. आठवडाभर काहीच होणार नाही, पंधरवड्यात बहुधा शरीराला कळू लागेल. मग गच्चीत किंवा गल्लीच्या टोकापर्यंत १५ मिनिटं उजेडात चालून या. मेंदूतल्या घड्याळाला रोज तेच उत्तर मिळालं पाहिजे.

आता ज्याबद्दल तुम्ही सल्ला मागितला नाही, पण दोन पानं लिहिली. साडेबाराचं जेवण.

माझी आई पंचवटीतल्या आमच्या घरी सगळ्यांनंतर जेवायची. दुपारचे तीन वाजायचे. स्वयंपाकघरात जमिनीवर, पाटही न घेता, ताटात उरलेलं सगळं एकत्र, आणि जेवण झाल्यावर एक हात पोटावर ठेवून ओवा चावायची. ‘आईला पित्त आहे’ हे आम्ही मुलं ‘आईचे डोळे काळे आहेत’ इतक्या सहज म्हणायचो. ती किती वाजता जेवते हे कुणी कधी पाहिलं नाही. मी आहारशास्त्र शिकून आले तेव्हाही तिला तिखट कमी कर एवढंच सांगितलं. ते मला अजून लागतं.

तुम्ही लिहिता की सासूबाई काही म्हणत नाहीत, पण त्यांनी आयुष्यभर थांबूनच जेवण केलं. आणि यांच्याशी बोलायला तोच काय तो वेळ मिळतो. दुसरं कारण मला पूर्ण पटतं. तो अर्धा तास मोलाचा आहे, तो सोडा असं मी म्हणणारच नाही. पण त्यासाठी तुमचं ताट का वाढलेलं लागतं? सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मुलांबरोबर आठला पूर्ण जेवा. शक्य असेल तर दहाला झोपा, साडेअकराचा गजर लावून उठा, किंवा काही दिवस जेवण डब्यात झाकून ठेवा आणि त्यांनी स्वतः गरम करून घेतलं तर चालतंय का बघा. जाग्या असाल तर त्यांच्यासमोर कोमट पाणी घेऊन बसा, ट्यूबलाइटऐवजी छोटा दिवा लावा. बोलणं तेवढंच होईल. तुमच्या पत्रातच आहे की कंपनीच्या कँटीनमध्ये त्यांना आठला जेवण मिळतं. म्हणजे साडेबाराचं त्यांचंही दुसरं जेवण असतं. तुम्ही थांबता म्हणून ते जेवतात आणि ते जेवतात म्हणून तुम्ही थांबता, असं तर नाही? एकदा विचारून बघा. मला असं बरंच वेळा दिसलं आहे.

थर्डच्या आठवड्यातही तसंच, दुपारी एकला जेवून घ्या, तीनला ते जेवताना ताक घेऊन बसा. सगळं मिळून तुमचं खाणं सकाळच्या पहिल्या घासापासून रात्री साडेआठपर्यंत बसतं. सोळा तास उपास, बारा तास उपास असलं काही मी तुम्हाला सांगत नाहीये. रोज साधारण त्याच वेळा, एवढंच हवंय. तुम्ही संकष्टी करता, चंद्रोदयानंतर जेवायला कधी दहा वाजतात. महिन्यातून एक रात्र, ती खुशाल करा. फक्त दिवसभर साबुदाणा आणि बटाटा असं नको, भगर, राजगिरा, फळं घ्या.

सोडलेले पदार्थ परत आणायचे आहेत. तुम्ही एकेक करून जे सोडलं, त्यातलं बरंचसं जंतूंचं आणि आतड्याचं अन्न होतं. कोंडा गेला, कडधान्य गेलं, आणि पोट जास्तच अडलं. पण घाईने सगळं एकदम आणलं तर गॅसने हैराण व्हाल आणि पुन्हा मला दोष द्याल. पहिल्या आठवड्यात दुपारी एक ज्वारीची भाकरी. दुसऱ्यात ताजं ताक किंवा दही. तिसऱ्यात मोड आलेली मटकी, चांगली शिजवून, दोन डाव. वांगं शेवटी. जे नवीन आणाल ते दुपारी, कधीही रात्री नाही. द्राक्षाच्या हंगामात सालीसकट द्राक्षं खा, पेरू बियांसकट. पाणी दिवसभर घोट घोट. चूर्णात बहुतेक वेळा सोनामुखी असते, ती आतड्याला ढोसून हलवते, म्हणून कळा येतात. ते एकदम बंद करू नका. आधी रात्री एक-दोन चमचे इसबगोल पूर्ण ग्लासभर पाण्यातून सुरू करा, आणि सकाळची वेळ बसू लागली की डॉक्टरांना विचारून चूर्ण कमी करत आणा.

आणि मिसळ? रविवारी सकाळी नऊला, सगळ्यांबरोबर, तुम्हीही खा. तर्री बेताची घ्या. आठवड्यातली ती सगळ्यांत चांगली वेळ आहे. यांनी मात्र थर्ड शिफ्ट सुटल्यावर मिसळ खाऊन लगेच झोपू नये. ज्यांना रात्रपाळी टळतच नाही त्यांच्यासाठी एवढंच : मुख्य जेवण कामावर जाण्याआधी, मध्यरात्री ते पहाटे शक्यतो पाणी किंवा ताक, सकाळी हलकं काही खाऊन झोप. अमेरिकेत २०२१ मध्ये १९ तरुणांना प्रयोगशाळेत रात्रपाळी करायला लावली, तेव्हा ज्यांनी रात्रीही जेवण केलं त्यांची साखर चढली, ज्यांनी फक्त दिवसा जेवण केलं त्यांची नाही. निफाड-दिंडोरीकडे रात्रीच्या लाइटला बागेत पाणी धरायला जाणारे शेतकरीही मला हेच विचारतात, आणि त्यांच्या घरी जेवण झाकून जागणाऱ्या बायका काहीच विचारत नाहीत. त्यांनीही हे पत्र आपलं समजावं.

राहिली ती तपासणी. जंतूंच्या आधी रक्ताची : थायरॉइडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिन, साखर. थायरॉइड मंदावला की बद्धकोष्ठ होतं आणि तुमच्या वयाच्या बायकांत ते नेहमी आढळतं. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही पोट अडतं, तेही डॉक्टरांना सांगा. आणि शौचातून रक्त, काळा मळ, नकळत घटलेलं वजन, गिळायला त्रास, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, ताप, किंवा घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल, यांतलं एक जरी असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवून या आठवड्यातच पोटविकारतज्ज्ञांकडे जा. तुम्ही यातलं काही लिहिलेलं नाही, तरी विचारून ठेवते.

मुलांच्या जुन्या वहीची मागची पानं घ्या. रोज चारच गोष्टी लिहा : शिफ्ट कोणती, दुपारी किती वाजता जेवले, रात्री किती वाजता, सकाळी पोट साफ झालं की नाही. सहा आठवडे, म्हणजे दोन फेऱ्या. मग मला त्या पानांचे फोटो पाठवा.

येत्या सोमवारपासून सेकंड शिफ्ट सुरू होतेय असं तुम्ही शेवटी लिहिलंय. सोमवारी आठला मुलांना वाढाल तेव्हा पाचवं ताट झाकून ठेवा, आणि चौथं तुमचं घ्या.